फियाट ११०० पुन्हा चालू करताना: आधी अर्थिंग, मग खरेदी

आमची फियाट ११०० डिलाइट १९६८ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हेच मॉडेल पुढे पद्मिनी नावाने घराघरांत पोहोचलं. मामा गेल्यापासून गाडी कोल्हापुरात शेडमध्ये उभी होती. ती चालू करायची म्हटल्यावर जो तो सांगू लागला, अख्खं वायरिंग बदल, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नवा बसव. मला ते पटेना.

इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारला तर पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. म्हणून चारही प्लग काढून आत ऑइल सोडलं, मुरू दिलं आणि पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवलं. मोकळं फिरलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

सेल्फ मात्र नुसता कण्हत होता, बॅटरी भरलेली असूनही. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर धरलं आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. मीटर दोनच्या वर गेला. म्हणजे बारातले दोन व्होल्ट अर्थिंगमध्येच, म्हणजे करंटच्या बॅटरीकडे परतायच्या वाटेतच, जिरत होते! इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचं अर्थिंग तांब्याच्या विणलेल्या पट्टीवर अवलंबून असतं. ही पट्टी रंगाच्या आणि गंजाच्या थरावर आवळलेली होती. खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, पट्टी नवी लावली; जुनाच सेल्फ खणखणीत फिरला. मिणमिणणारे हेडलाइटही त्यांचं अर्थिंग साफ केल्यावर उजळले. जुन्या गाडीचा विजेवर चालणारा कुठलाही भाग 'गेला' म्हणण्याआधी ही मोजणी कराच.

डायनामो बॅटरी चार्ज करत नव्हता. फार दिवस पडून राहिला की त्याच्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व जातं. त्याच्या फील्ड कॉइलमधून क्षणभर बॅटरीचा करंट सोडला, तो जागा झाला. डेल्कोतले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट घासून फट लावली, कंडेन्सर बदलला.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यापुढे टिकत नाही. इंधन पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप त्याला चालतील असेच घेतले. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना पितळी स्लीव्ह बसवून घेतल्या.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' (व्हिंटेज) मालिकेचा नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. मला तिच्यातून बाजारात जायचं आहे, म्हणून जुन्याच नोंदणीचं नूतनीकरण करून घेतोय.