देवयानी एका चौकटीत

काल रात्री भंडारदऱ्याच्या अंधाऱ्या आकाशाखाली मित्राच्या, खास छायाचित्रणासाठी घडवलेल्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका टिपली. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या या छोट्या एफ/५ (म्हणजे नाभीय अंतर भिंगाच्या व्यासाच्या पाचपट) दुर्बिणीत प्रतिमा सपाट करणारी जादा भिंगे असतात. ती नसती, तर मध्यातले तारे नेमके येऊन कोपऱ्यांतले मात्र शेपूट फुटल्यासारखे ताणले गेले असते. आम्ही फोटो मोठा करून चारही कोपरे तपासले, सगळे तारे गोल! सुमारे ३ अंश पसरलेली ही दीर्घिका माझ्या लांब नळीच्या दुर्बिणीत कधीच पुरती मावत नाही. इथे एम ३२ आणि एम ११० या तिच्या सोबतच्या छोट्या दीर्घिकाही आल्या. तरी नवशिक्यांनी आधी चांगल्या माउंटवर, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीवर, खर्च करावा, असे मला ठामपणे वाटते, कारण पृथ्वीच्या परिवलनाशी त्याची गती जुळली नाही, तर ३ मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये हेच तारे रेघा होतात.