पेणहून न्यूअर्क : चाळीस फुटांत किती गणपती?

आमचा मूर्तींचा कारखाना पेणजवळच्या हमरापूर भागात आहे. इथल्या मूर्ती परदेशी जातात यात कुणाला नवल वाटत नाही. आमच्याही जायच्या, पण मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत, त्याच्याच नावावर. 2024 साली न्यू जर्सीतल्या एका दुकानदाराने थेट आम्हालाच ऑर्डर दिली आणि कंटेनरचं सगळं लचांड आमच्या गळ्यात आलं.

चतुर्थी 7 सप्टेंबरची. दुकानात माल जुलैत लागलेला हवा. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू असल्यामुळे बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालत होती, म्हणजे आठ-दहा दिवस आणखी धरायचे. एप्रिलअखेर माल न्हावा शेवा बंदरात पोचवायचा, एवढं पहिल्यांदा ठरलं.

आधी विचार एलसीएलचा होता : कंटेनर दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायचा, भाडं आपल्या जागेपुरतं. त्यात दर घनमीटर किंवा टन, ज्यात रक्कम जास्त भरेल त्यावर लागतो. एक फुटी शाडूची मूर्ती खोक्यासकट सहा किलोची, पण जागा खाते भरपूर, त्यामुळे आम्हाला घनमीटरचाच दर लागणार. शिवाय असा माल इकडच्या गोदामात एकत्र भरतात आणि तिकडच्या गोदामात उतरवून वेगळा करतात. आपल्या गणपतीवर कुणाचे नट-बोल्टचे बॉक्स येतील, सांगता येत नाही. म्हणून अख्खा कंटेनर.

मापं अशी. वीस फुटी कंटेनर आतून साधारण 5.90 मीटर लांब, 2.35 रुंद, 2.39 उंच, जागा 33 घनमीटर. चाळीस फुटीची लांबी 12.03 मीटर, जागा 67. चाळीस हाय-क्यूब तेवढाच लांब, पण आतली उंची 2.69 आणि जागा 76. वजनाचा हिशेब मात्र निराळा चालतो. वीस फुटीत 28 टनांपर्यंत माल चालतो आणि चाळीस फुटीत त्याहून थोडा कमीच, 26-27 टन, कारण कंटेनरचं स्वतःचं वजन वाढतं आणि एकूण मर्यादा तीच राहते. लाद्या किंवा लोखंड पाठवणारा म्हणूनच वीस फुटी घेतो. आमचा अख्खा माल सात टनांच्या आत, आम्हाला हवी होती जागा.

मालवाहतूक एजंटाच्या कोटेशनात हाय-क्यूबचं भाडं साध्या चाळीसइतकंच होतं आणि वीसच्या साधारण सव्वापट. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमचं नेहमीचं खोकं 38 बाय 38, उंची 46 सेंटिमीटर. हाय-क्यूबमध्ये त्याचे पाचच थर बसतात, सहावा सात सेंटिमीटरने अडतो. उंची 44 केली की सहा थर 264 सेंटिमीटरमध्ये आत. खोकीवाल्याला नवं माप दिलं तर तो म्हणाला, "दादा, दोन सेंटिमीटरनं काय होतंय?" रुंदीत सहा, लांबीत एकतीस, म्हणजे एका थराला 186 मूर्ती. तेवढ्या जादा, त्याच भाड्यात! वीस फुटीत हीच खोकी 450 बसतात, हाय-क्यूबमध्ये 1116. मूर्तीमागे समुद्राचं भाडं निम्म्यावर आलं. भाड्यात घासाघीस करून एजंटाने एवढं कधीच सोडलं नसतं.

शेवटच्या चार रांगा मंडळांच्या मोठ्या मूर्तींना दिल्या. त्यांना लाकडी क्रेट लागतात आणि ते लाकूड कीड मारण्यासाठी प्रक्रिया केलेलं, तसा शिक्का मारलेलंच हवं. भरण म्हणून आम्ही पिढ्यानपिढ्या भाताचा पेंढा वापरतो, तो अमेरिकेत चालत नाही. कागदाच्या कातरणावर काम भागवलं. म्हाताऱ्या कारागिरांना ते काही पटलं नाही.

चाळीस फुटी ट्रेलर आमच्या गल्लीत वळणं अशक्य, त्यामुळे हायवेलगतच्या एका शेडमध्ये भरणी. रिकामा कंटेनर आला की आत उभं राहून दारं बाहेरून लावून घ्यायची आणि छताकडे बघायचं. उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर परत. तळाची फळी हाताने चाचपायची, वास घ्यायचा. आमचा कोरडा होता, फक्त मसाल्याचा मंद वास. समुद्रात रात्री पत्रा गार पडला की आतल्या दमटपणाचं पाणी होऊन छतावरून टपकतं आणि कच्च्या मातीला तेवढंही नको असतं. म्हणून दोन्ही बाजूंना ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या. ट्रेलरवर कंटेनरची फळी जवळजवळ छातीला लागते आणि शेडला माल चढवायचा धक्का नव्हता, तेव्हा घरची, शेजारची पोरं रांगेत उभी करून हातोहात खोकी चढवली.

सेल्फ-सीलिंगची, म्हणजे कंटेनर आपणच सील करण्याची, परवानगी आधीच काढलेली, त्यामुळे सील तिथेच ठोकलं. वाटेत काट्यावर वजन. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, 2016 पासूनचा हा जगभरचा नियम.

आता पैशाचं. डॉलरमधलं भाडं म्हणजे अर्धीच गोष्ट. टर्मिनल हाताळणी, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), सील, कागदपत्रं, ट्रेलर, कस्टम ब्रोकर हे सगळं रुपयांत वेगळं. एका एजंटाचं भाडं सर्वांत कमी दिसत होतं, खालच्या ओळी जोडल्यावर तोच सर्वांत महाग निघाला. कोटेशन ओळीओळीने लेखी मागावं आणि रिकामा कंटेनर किती दिवस फुकट ठेवता येतो, तेही त्यातच लिहून घ्यावं. त्यानंतर रोजचा डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, लागतो. मे-जूनमध्ये भाडी भराभर चढली. आमचं बुकिंग एप्रिलचं, त्यामुळे वाचलो.

माल उतरला न्यू जर्सीतल्या न्यूअर्क बंदरात. 1956 साली 58 पेट्या घेऊन पहिलं कंटेनर-जहाज ह्याच बंदरातून ह्यूस्टनकडे सुटलं होतं, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. त्याच फोनमध्ये तुटफूटही कळली : आठ-दहा मूर्ती, सगळ्या तळच्या थरातल्या, बहुतेक सोंडेला किंवा हाताला तडा. यंदा तिसऱ्या थरावर पातळ प्लायवूड टाकतोय. ते पाच सेंटिमीटरच्या फटीत बसतं, दोनदा मोजून पाहिलंय.