दुरुस्त न केलेल्या पाच गाड्या

रविवार, रात्र

आज आमच्या मोटारप्रेमी मंडळाची बैठक बराच वेळ चालली. जुन्या गाड्यांच्या संग्रहालयासाठी जमलेला निधी कशावर खर्च करायचा, एवढाच विषय होता आणि त्यावर सरळ दोन तट पडले. बहुतेकांना त्यातून एखादी देखणी जुनी गाडी घेऊन संग्रहालयाला भेट द्यावी असे वाटते. माझ्यासह काही जणांचे म्हणणे असे की दालनातील हवेची आर्द्रता स्थिर ठेवणारी यंत्रणा आधी बसवावी. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

गाडी दिली की दात्यांच्या नावाची पाटी लागते, छायाचित्रे निघतात. आर्द्रतेच्या यंत्राजवळ कोणी छायाचित्र काढत नाही, हे मला कळते. पण उभी असलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा निमूटपणे आणि कधी कधी अधिक वेगाने खराब होते, हे आपल्यासारख्या लोकांना तरी वेगळे सांगावे लागू नये. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर ठेवते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजू लागतात आणि बाहेरून ते दिसतही नाही. एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात. हवा दमट असेल तर लोखंड गंजते, फार कोरडी असेल तर आसनांचे चामडे आणि डॅशबोर्डचे लाकूड तडकते. म्हणून दोन्हींना मानवेल अशी मधली पातळी ठरवून ती वर्षभर ढळू न देणे, हेच दालनातले खरे काम असते.

बैठकीत बोलताना मला सारखी अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन येथील नॅशनल कॉर्व्हेट म्युझियमची आठवण होत होती. जनरल मोटर्स कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला वाहिलेले हे संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले आणि त्याची मूळ कल्पना नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी या चाहत्यांच्या संस्थेतून पुढे आली. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी पहाटे तेथील घुमटाकार दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट गाड्या खाली गेल्या. तो सगळा भाग चुनखडीचा, पाण्याने आतून पोखरला जाणारा आहे. दालन उघडण्यापूर्वी हे घडल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. पुढच्या काही आठवड्यांत क्रेनने सगळ्या गाड्या वर काढण्यात आल्या.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. कॉर्व्हेटचे बाह्यांग फायबरग्लाससारख्या पदार्थाचे असते. पत्रा ठोकून सरळ करता येतो, फायबरग्लास मात्र फुटतो. त्यामुळे काही गाड्यांचे शब्दशः तुकडे झाले होते. जनरल मोटर्सने दुरुस्तीची तयारी दाखवली होती, तरीही शेवटी आठपैकी तीनच गाड्या दुरुस्त करायचे ठरले: २००९ ची ‘ब्लू डेव्हिल’, १९९२ साली तयार झालेली दहा लाखावी कॉर्व्हेट आणि १९६२ ची काळी गाडी. उरलेल्या पाच गाड्यांचे इतके भाग बदलावे लागले असते की हाती मूळ गाडीऐवजी तिची प्रतिकृती आली असती, म्हणून त्या चेंदामेंदा झालेल्या स्थितीतच जपण्यात आल्या. त्या बघायला लोक मोठ्या संख्येने आले.

गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला असा निर्णय किती जड जातो, हे मी जाणतो. मोडलेले दिसले की आमचे हात शिवशिवतात. गंज खरवडावा, नवा रंग चढवावा, इंजिन पुन्हा सुरू झालेले ऐकावे, याच ओढीने तर आम्ही या छंदात पडलो. पण संग्रहालयातील गाडी हा एक पुरावाही असतो. दहा लाखाव्या गाडीचे काम सुरू झाल्यावर ती घडवणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या सह्या तिच्या आतल्या भागांवर दिसल्या आणि त्या शक्य तितक्या जपण्याची काळजी दुरुस्ती करणाऱ्यांनी घेतली. एखाद्या हौशी गॅरेजात तिथे नवे भाग बसले असते. गाडी झकास दिसली असती आणि तिच्यावर काम केलेल्या माणसांची खूण कायमची गेली असती. जुन्या गाडीचा मूळ रंग फिकट झाला असेल, पण शाबूत असेल, तर तो राहू द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्या मंडळात ते फारसे लोकप्रिय नाही.

पैशांपलीकडेही मंडळ पुष्कळ देऊ शकते. जुन्या कार्बोरेटरचे समायोजन केवळ कानाने करणारे सभासद आज आमच्यात आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत उतरलेले नाही आणि त्यांचे वय वाढत आहे. सभासदांच्या कपाटांत मूळ नोंदणीची कागदपत्रे, सर्व्हिसिंगची पुस्तके, सुट्या भागांच्या याद्या पडून आहेत. गाडी कोणी घेतली, कोणी चालवली, कोणते भाग कधी बदलले, हे सांगणारा कागद हरवला की ती गाडी संशोधकाच्या दृष्टीने निम्मी मुकी होते, म्हणून हे कागद मला नव्या गाडीइतकेच मोलाचे वाटतात.

पुढच्या बैठकीत मी असा प्रस्ताव मांडणार आहे: निधीतून आधी आर्द्रतेची यंत्रणा बसवावी, उरलेल्या रकमेतून ज्येष्ठ सभासदांच्या कामाचे ध्वनिचित्रमुद्रण करावे आणि गाडी देण्याचा विचार त्यानंतर करावा. नव्या गाडीचा आग्रह धरणाऱ्या दोघांशी त्याआधी मी स्वतंत्रपणे बोलणार आहे, कारण त्यांच्याइतकी मेहनत मंडळात कोणी घेत नाही आणि त्यांना डावलून मंजूर झालेला ठराव मला नको आहे.