बोरीच्या अंकलचा अपॉस्ट्रॉफी

आमच्या घरात बोलणं कोंकणीत, पण आरत्या, वर्तमानपत्र आणि दादाच्या गॅरेजची उधारीची वही मराठीत. ती वही मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत उतरवली. पणजीतलं माझं अकाउंट्सचं ऑफिस बंद होतं. फोंड्याला घरी बसून व्हिडिओ बघत बघत फ्लास्क (वेबपानं बनवायला) आणि एस्क्यूलाईट (डेटाबेस ठेवायला) शिकले. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, गाडीचा नंबर, सर्व्हिसिंगची तारीख, बाकी किती, सगळं एका पानावर. गाडी तयार झाली की व्हॉट्सॲपवर जॉबकार्डची लिंकसुद्धा जायची. दादा खूश, आणि मी तर हवेतच.

गॅरेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बोरीचे एक अंकल स्कूटर घेऊन आले. आडनाव डिसोझा. बिल इंग्रजीत छापायचं म्हणून नाव रोमनमध्ये टाइप केलं, ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी दिला, एंटर मारलं, आणि अख्खं पान एररनं भरलं. ‘सोझा’पाशी सिंटॅक्स एरर, असं काहीतरी. मागे तीन गाड्या उभ्या, दादा हाताला ग्रीस लावून माझ्याकडे बघतोय. मी तिथल्या तिथे एक ओळ घातली: नावात अपॉस्ट्रॉफी दिसला की काढून टाक. चाललं. बिल हातात घेऊन अंकलनी चष्मा लावला आणि म्हणाले, “बाय, हें म्हजें नांव न्हय.” मी हसून सांगितलं की कॉम्प्युटरला ते चालत नाही. त्यांनी बिल घडी करून खिशात टाकलं.

(देवनागरीत डिसोझा लिहिताना अपॉस्ट्रॉफी लागतच नाही. प्रोग्राम मराठीत ठेवला असता तर पुढचं सगळं रामायण माझ्यापासून लपूनच राहिलं असतं.)

चार वर्षांनी मी सुरक्षित सॉफ्टवेअर कसं लिहायचं याचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. शनिवारी संध्याकाळी वर्ग, मध्ये असाइनमेंट. वाचन कदंबच्या बसमध्ये, फोंडा ते पणजी. भाषा पायथॉन, म्हणून वाटलं होतं निम्मं तर येतंच आपल्याला. तिसरी असाइनमेंट अशी, की स्वतःचा एखादा प्रोग्राम वर्गातल्या दुसऱ्याला द्यायचा आणि त्याचा आपण फोडायचा. सरांनी आधीच बजावलं होतं: दिलेल्या कॉपीवरच हात चालवायचे, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. मी गॅरेजचा सगळा फोल्डर झिप करून पाठवून दिला.

पहिले मार्क तिथेच गेले. फोल्डरमध्ये डेटाबेसही होता, ४१२ खऱ्या माणसांचे फोन नंबर. सर एवढंच म्हणाले, “कोड अजून कुणी उघडलाही नाही, आणि डेटा फुटला.” मी मान खाली घातली, जोडीदाराकडून फाइल पुसून घेतली आणि खोटी नावं भरून पुन्हा पाठवली. पासवर्डच्या टेबलला मात्र हात लावायचं सुचलं नाही.

जोडीदार पुण्याचा एक मुलगा होता. त्यानं शोधाच्या चौकटीत नावाऐवजी एक सिंगल कोट टाकला, पुढे ‘ऑर’, पुढे एक बरोबर एक, म्हणजे ‘किंवा जे नेहमीच खरं आहे ते’. सगळी यादी स्क्रीनवर. मी एफ-स्ट्रिंगनं (मजकुरात मध्येच किंमत घालायची पायथॉनची सोय) क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, शिवत होते: नाव बरोबर, कोट उघडा, टाइप केलेलं घाला, कोट मिटा. टाइप केलेल्यातच कोट आला की माझा कोट तिथेच मिटतो आणि पुढचं सगळं डेटाबेस हुकूम म्हणून वाचतो. अंकलच्या वेळी नेमकं तेच झालं होतं. ‘डी’पाशी कोट मिटला, ‘सोझा’ हा कसला हुकूम ते डेटाबेसला कळेना, म्हणून तो ओरडला. अंकलच्या आडनावानं मला भोक दाखवलं होतं. आणि मी काय केलं, तर नवीन गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर त्यांचं नाव कापलं. शोधाची चौकट तशीच उघडी.

मग त्या मुलानं सेमीकोलन देऊन टेबल उडवायचा प्रयत्न केला. ते झालं नाही, कारण पायथॉनच्या एस्क्यूलाईट मॉड्यूलमधलं ‘एक्झिक्यूट’ एका वेळी एकच विधान चालवतं. मला जरा हायसं वाटलं. पाच मिनिटांत त्यानं ‘युनियन’ (दोन याद्या एकाखाली एक जोडणारा हुकूम) लावून पासवर्डचं टेबल गिऱ्हाइकांच्या यादीखाली छापून दाखवलं. पासवर्ड एमडी-५ मध्ये होते, म्हणजे प्रत्येक पासवर्डची एक ठरलेली ३२ अक्षरांची गिचमिड. दादाची गिचमिड ‘ई-१०-ए-डी-सी’नं सुरू होत होती. मुलगा म्हणाला, “ताई, ही पाठ आहे. एक ते सहा.” मी घरी जाऊन दादाला विचारलं. तो म्हणाला, सोपा हवा ना लक्षात ठेवायला.

दुरुस्ती ऐकायला किरकोळ आहे. क्वेरीत किंमत घालायची नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत वेगळी द्यायची. दादाला मी जॉबकार्डावरून समजावलं. छापील कार्डावर ‘तक्रार’ अशी चौकट असते. तिथे गिऱ्हाइकानं “ब्रेक घट्ट करणे आणि बिल माफ” असं लिहिलं तरी ती तक्रारच राहते. पण कोऱ्या कागदावर तुझ्याच अक्षरात तुझ्या ओळीखाली त्यानं तेच लिहिलं, तर गॅरेजमधला पोरगा बिल माफ करून मोकळा होईल. प्रश्नचिन्ह म्हणजे ती चौकट. दादानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आमच्या गॅरेजीतलें कोण कितें चोरतलो गो?” याचं उत्तर मी अजून त्याला पटेल असं दिलेलं नाही.

एक संध्याकाळ मात्र प्रश्नचिन्हानं खाल्ली. यादी नावानं किंवा तारखेनं लावायची सोय होती, तिथेही मी इमानदारीत प्रश्नचिन्ह ठेवलं. एरर नाही, काही नाही, फक्त यादी हलेचना. कॉलमचं नाव असं देता येत नाही. डेटाबेस ते साधा मजकूर समजतो आणि सगळ्या ओळींना तोच मजकूर लावून क्रम ठरवतो, म्हणजे ठरवतच नाही. शेवटी चालणाऱ्या कॉलमची यादी कोडमध्येच लिहिली, त्यात नसेल तर नकार. बाहेर पाऊस, दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरवर मी आणि एक न हलणारी यादी.

बाकीचं भराभर झालं. पासवर्डला एमडी-५ ऐवजी एस्क्रिप्ट आणि प्रत्येकाला वेगळं सॉल्ट, म्हणजे आधी मिसळायची वेगळी अक्षरं, की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी गिचमिड वेगळी. अंदाज मारणाऱ्याला वेळ लागावा म्हणून मुद्दाम सावकाश चालणारा हॅश (गिचमिड करायची पद्धत) हवा, हे घाईत सगळं उरकणाऱ्या मला जरा जड गेलं. ओटीपी पायथॉनच्या ‘रँडम’ऐवजी ‘सीक्रेट्स’मधून, म्हणजे पुढचा आकडा कुणाला ओळखता येऊ नये. बॅकअप मी पिकलमध्ये (पायथॉनची डेटा साठवायची एक पद्धत) ठेवत होते. परकी पिकल फाइल उघडली तर तिच्यातला कोड आपल्या मशीनवर चालू शकतो, आणि ही धोक्याची सूचना पायथॉनच्या स्वतःच्या दस्तऐवजात ठळक लिहिलेली आहे. मी ती कधी वाचली नव्हती. आता जेसन, त्यात नुसता डेटा असतो.

कोड तपासणारं बँडिट चालवलं तेव्हा त्यानं एफ-स्ट्रिंगच्या क्वेऱ्या बरोबर पकडल्या. जॉबकार्डच्या लिंकमधला ५७ काढून ५८ टाकला की दुसऱ्याचं कार्ड उघडतं, हे मात्र त्याला दिसलं नाही. दिसणार कसं, कार्ड कुणाचं हे तपासणारी ओळच मी लिहिली नव्हती, आणि नसलेल्या ओळीला नंबर नसतो. ओवॅस्प ही सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था मोठ्या धोक्यांची यादी काढते. तिच्या २०१७ च्या यादीत इंजेक्शन, म्हणजे टाइप केलेल्यातून हुकूम घुसवणं, पहिलं होतं; २०२१ मध्ये ते तिसऱ्या जागी गेलं आणि पहिली जागा या परवानगीच्या गोंधळाला मिळाली. माझ्याकडे दोन्ही होती.

मग कापलेली नावं परत जोडायची होती. जुनी वही काढली तर ती मराठीत. डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा, सगळे सरळ. रोमनमध्ये कुणी ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देतं, कुणी ‘डी-ई’ लिहून जागा सोडतं, कुणी सगळं सलग. अंदाजानं भरणं म्हणजे पुन्हा तेच. म्हणून दोन रविवार बसून २३ जणांना फोन केले: तुमचं आडनाव तुम्ही कसं लिहिता? एका बाईंना वाटलं मी बँकेच्या नावानं फसवायला फोन करतेय. त्यांनी काही न सांगता फोन ठेवला. त्यांना सर शाबासकी देतील.

अंकल मागच्या महिन्यात आले. बिल अपॉस्ट्रॉफीसकट छापलं आणि मी मुद्दाम स्वतः हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, थेट खालचा आकडा बघितला, आणि इंजिन ऑइल इतकं कसं महाग झालं यावर दादाशी वाद घालत बसले.