क्षितिजचे सात तुकडे

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगररांगेत, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी तिसरी आणि चौथीच्या मुलांना मराठी शिकवते. गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून शाळेला दोन टॅब घेऊन दिले, त्यांत विक्रेत्याने आधीच भरून दिलेला एक शब्दखेळ होता. विस्कटलेले चौकोन बोटाने सरकवून शब्द जुळवायचा, जुळला की टाळ्या वाजतात आणि चुकला की लाल फुली उमटते. पहिल्याच आठवड्यात तिसरीतली एक मुलगी 'क्षितिज' या शब्दापाशी अडून बसली. मी जवळ जाऊन पाहिले, तर पडद्यावर तीन नव्हे, सात चौकोन होते: क, हलन्ताचा पाय म्हणजे पायमोडी, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज. सुट्या पडलेल्या वेलांटीशेजारी आणि पायमोडीच्या डोक्यावर ठिपक्यांचे एकेक वर्तुळ दिसत होते. "बाई, ह्या ठिपक्याच्या गोलात काय भरायचं?" असे तिने विचारले. फळ्यावर मी जशी लिहिते तशी तिने वेलांटी आधी आणि 'त' नंतर ठेवला होता, आणि खेळ तिला पुन्हा पुन्हा लाल फुली दाखवत होता.

त्या मुलीचे काहीही चुकलेले नव्हते. संगणक देवनागरी ज्या युनिकोड पद्धतीने साठवतो, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी भारताच्याच इस्की या प्रमाणावर बेतलेली आहे. या पद्धतीत 'क्ष' हे एक अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे असतात, आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसत असली तरी साठवताना ती व्यंजनाच्या नंतरच येते, कारण तोंडाने आपण आधी 'त्' म्हणतो आणि मग 'इ'. म्हणजे हाताचा क्रम एक आणि तोंडाचा क्रम दुसरा. हा फरक मुलांना समजावून सांगता आला असता तर तो भाषेचा एक उत्तम धडा झाला असता. परंतु खेळ बनवणाऱ्याने रोमन लिपीसाठी रचलेला साचा उचलून त्यात मराठी शब्द ओतले होते. आठ वर्षांचे मूल वाचायला लागते ते अक्षर पाहून. 'क्षि' हे त्याच्यासाठी एकच घर असते, आणि ते घर विटा-विटांनी मोडून त्याच्यापुढे टाकले की जे येत होते तेही त्याला येईनासे होते.

मी टॅब बाजूला ठेवले आणि घराघरांतून जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. त्यावर अक्षरे लिहून कापली, जोडाक्षर मात्र सबंध ठेवले. 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांच्या पत्त्यांवर तर मुले आठवडाभर खेळत होती. समुद्र त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नव्हता आणि दऱ्या खिडकीतून दिसत होत्या. रफार कुठे द्यायचा आणि ऱ्य कुठे लिहायचा, हे नियम सांगून मला जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते या दोन पत्त्यांनी साधले.

चौथीच्या मुलांसाठी पुढे मी आणखी एक खेळ केला. महानुभाव पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलेल्या होत्या, हे मी त्यांना सांगितले आणि प्रत्येक गटाला स्वतःची गुप्त लिपी बनवायला लावली. अर्ध्या तासात भांडण सुरू झाले, आणि ते भांडण मला फार मोलाचे वाटले. एका गटाने 'का, कि, की' या प्रत्येकासाठी वेगळे चिन्ह ठरवले होते. बाराखडी पुरी करता करता त्यांची वही भरत आली आणि चिन्हे आठवेनाशी झाली. दुसऱ्या गटाने काना, मात्रा, वेलांटी यांना वेगळी चिन्हे देऊन काम चटकन उरकले, पण जोडाक्षरापाशी ते अडले, कारण अर्धे अक्षर दाखवायला त्यांच्याजवळ चिन्हच नव्हते. शेवटी त्यांच्यातल्या एकाने अक्षराखाली छोटी रेघ मारण्याची युक्ती काढली. त्यांनी हलन्त स्वतःच शोधून काढला होता. मग मी टॅब पुन्हा बाहेर काढला, 'क्षितिज'चे सात चौकोन त्यांच्यापुढे ठेवले, आणि या वेळी ते त्यांनी बिनचूक लावले.

पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल थोडक्यात लिहिते. कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावर धड्याची चित्रफीत उघडते, कविता चालीत ऐकू येते, त्याचा उपयोग आहेच. पण चित्रफीत चालू असताना वर्ग गप्प बसतो, आणि भाषेच्या तासाला वर्ग गप्प बसलेला मला सहन होत नाही.

म्हणून फोनचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो मुलांचा आवाज ध्वनिमुद्रित करण्याचा. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात, काही आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, परत येतात. एवढ्या महिन्यांत वाचन सुटते. गेल्या हंगामात मी एक साधा खेळ ठरवला. आठवड्यातून एकदा, वडिलांचा फोन रात्री हाती आला की मुलाने एक कोडे आवाजी निरोपात बोलून पाठवायचे, वस्तूचे नाव घ्यायचे नाही. वर्गातल्या मुलांनी ते ऐकून उत्तर वहीत लिहायचे. व्हॉट्सअॅपवरचा अर्ध्या मिनिटाचा निरोप अगदी कमी डेटात जातो, त्यामुळे उसाच्या फडावरच्या अधूनमधून मिळणाऱ्या रेंजमध्येही तो पोहोचतो.

कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका कारखान्यावरून चौथीतल्या एका मुलाचे कोडे आले: "उसाच्या डोक्यावर असतंय. माय मोळ्या बांधती. बैल खातेत. उरलेल्या इकून आमी तेल-मीठ आणतोत. सांगा काय?" बहुतेकांनी 'पाचट' लिहिले. तिघांनी 'वाढं' लिहिले. पाचट वाळलेले असते, ते बैल आवडीने खात नाहीत, आणि वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, यावर ज्या मुलांनी फड पाहिला होता त्यांनी इतरांना असे काही समजावले की मला मध्ये बोलावेच लागले नाही. मग ते निरोपातले शब्द आम्ही फळ्यावर जसेच्या तसे उतरवले, आणि शेजारी 'खातात', 'विकून', 'आणतो' अशी पुस्तकी रूपे लिहिली. पूर्वी मी 'खातेत' ऐकले की लगेच दुरुस्त करत असे. आता दोन्ही रूपे शेजारी-शेजारी लिहिते, आणि कोणते कुठे शोभते ते मुलांनाच विचारते. दुरुस्तीच्या धास्तीने ज्यांचे तोंड मिटले होते, ती मुले या रीतीने बोलू लागली, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

दोन दिवसांनी त्याच मुलाचा निरोप आला, त्यात कोडे नव्हते. "बाई, मागच्याचं उत्तर कुणाकुणाला आलं?" मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी फळ्याचा फोटो काढून पाठवला आणि एवढेच कळवले की उत्तर बरोबर लिहिणाऱ्यांची नावे खाली आहेत, पण आधी वरचे सगळे वाचून दाखव. रात्री साडेनऊच्या सुमारास त्याने वाचलेले ऐकू आले. 'मोळ्या'पाशी तो थांबला, 'मोळ' म्हणून पुन्हा थांबला, आणि मग ते अक्षर त्याने सबंध उचलले.