नोंद चौथी: आवाजाचं घराणं नेमकं असतं कुठे?

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की अँप्लिफायर असो वा स्पीकर, तो बनवणाऱ्या कंपनीचा आवाज दोन मिनिटांत ओळखता येतो. अर्धं विधान मागे घेतोय.

आधी अँप्लिफायर. एक ‘उबदार’ म्हणून नावाजलेला, दुसरा ‘कोरडा’. या वेळी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, १०० हर्ट्झचा सूर सोडला आणि दोन्हीकडे २ व्होल्ट जुळवले. फरक ०.०२ व्होल्टच्या आत, म्हणजे ०.१ डेसिबलहून कमी. मित्र पडद्यामागून अदलाबदल करत होता. १६ पैकी ९ वेळा बरोबर सांगितलं. एवढं नुसत्या अंदाजानेही जमतं. गेल्या खेपेला जो ‘उबदारपणा’ ऐकला, तो बहुधा थोडा वाढलेला व्हॉल्यूमच होता.

स्पीकरची गोष्ट निराळी निघाली. मित्राचा १५ ओहमचा रॉजर्स एलएस३/५ए, माझा हारबेथ पी३ईएसआर आणि धातूच्या कोनचा (आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचा) तिसऱ्याच परंपरेतला एक जोड. तिन्हींची पातळी खुर्चीपाशी पिंक नॉइजवर (चाचणीसाठी वापरतात त्या खळखळाटावर) जुळवली, पुढे पातळ मलमल टांगली. किशोरीताईंचा विलंबित ख्याल लावला. तिसरा जोड दर वेळी लगेच कळला. पहिले दोन मात्र भावंडं वाटले: गळा स्पीकरच्या किंचित मागे, तानपुऱ्याची जवारी स्पष्ट, पण टोचत नाही. एलएस३/५एवर डग्गा जास्त भरीव लागतो, कारण १०० हर्ट्झच्या जरा वर त्याला मुद्दाम थोडा फुगवटा आहे. पाचेक लिटरच्या बंद पेटीतून याहून खोल खर्ज निघणं अवघडच.

आता गंमत बघा. या दोघांत सुटा भाग एकही सामाईक नाही. एकात केईएफ कंपनीचे बी११० आणि टी२७ हे ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग), दुसऱ्यात हारबेथचा स्वतःचा रेडियल कोन. शिवाय एलएस३/५ए मुळात रॉजर्सचा नाहीच! तो बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवला. रॉजर्स, स्पेन्डॉर, हारबेथ यांनी परवान्यावर बनवला. हारबेथ १९७७ साली काढणारे डडली हारवुड बीबीसीच्याच संशोधन विभागातले. स्पेन्डॉरचे स्पेन्सर ह्यूजही तिथलेच. स्पेन्सर आणि पत्नी डोरोथी मिळून ते नाव झालं.

म्हणून माझ्या मते घराणं पाटीवरच्या नावात नसतं, तालमीत असतं. पातळ भिंतींची पेटी, तिचा कंप आतून शोषून घेणारे थर, आणि मुख्य म्हणजे समोर बोलणाऱ्या माणसाच्या खऱ्या आवाजाशी स्पीकर ताडून पाहण्याची बीबीसीची शिस्त. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे सूर दोन ड्रायव्हरांत वाटणारं सर्किट, कुठे थांबवायचा हे त्या कानांनी ठरवलं. माणसाचा गळा आधी, बाकी नंतर. ख्याल ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे स्पीकर इतके का भावतात, तेही मला यातच दिसतं.

एक पळवाट अजून उरली आहे: दोन्ही पेट्या लहान आणि बंद, त्यामुळे साम्य आकारामुळेही असेल. पुढच्या रविवारी मोठा, पोर्टवाला (पेटीला हवेसाठी भोक असलेला) स्पेन्डॉर मिळतोय. त्यावरही गळा तसाच बसला, तर मुद्दा पक्का.