तीन नंबरचा पिस्टन

गुरुजींची गाडी सकाळी सातला गॅरेजच्या दारात आली तेव्हाच आवाज खटकला. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा ठेका एकदा कानात बसला की त्यातला एक ठोका चुकलेला लगेच कळतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, इंजिन थरथरत होतं आणि पाचेक मिनिटं चालू ठेवल्यावर सगळं आपोआप शांत झालं. गाडी एमएच ०८ पासिंगची, म्हणजे रत्नागिरीकडची. तीन महिन्यांपूर्वी एजंटाकडून घेतलेली. आमचं गॅरेज कराडात, पाटणच्या रस्त्याला.

"मेस्त्री, इंजेक्टर बदलून झालेत," गुरुजी म्हणाले. "२२ हजार गेले. सकाळचं दुखणं तसंच आहे. घाटातही ओढत नाही." रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतून घेतलेली गाडी. पुढच्या आठवड्यात नातवंडांना घेऊन कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जायचं होतं.

थंड असताना चुकणारं आणि तापल्यावर सुधारणारं डिझेल इंजिन दिसलं की मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघतो. डिझेलला पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर येताना हवा दाबतो, दाबल्यामुळे ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत इंजेक्टरनं डिझेलचा फवारा मारला की तो पेट घेतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं ना, तेच इथं घडतं, फक्त कितीतरी जोरात. हवा कमी दाबली गेली तर तापतेही कमी. त्यात सकाळी सिलिंडरच्या गार भिंती उरलीसुरली उष्णता ओढून घेतात. मग फवारा न पेटता पांढरा धूर होऊन बाहेर पडतो.

गार इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे हीटर प्लग काढले आणि त्यांच्या भोकांना दाब मोजायचा गेज लावला. एक, दोन आणि चार नंबरला ४०० पीएसआयच्या आसपास. तीन नंबरला २८०.

कॉम्प्रेशन कमी म्हणजे हवा कुठून तरी निसटतेय, असं कोणीही म्हणेल. म्हणून तीन नंबर वर आणला, गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक ओढला, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावत फिरलो. ऑइलच्या झाकणाशी फुसफुस आली असती तर रिंगा, सायलेन्सरला आली असती तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले असते तर हेड गॅस्केट. कुठंच काही नाही. बाकीच्या तिघांइतकाच हाही घट्ट.

हाताखालचा पोरगा म्हणाला, गेजच गेलाय. शेजारून दुसरा गेज आणून बघितलं. आकडा तोच. मी चहा सांगितला आणि इंजिनकडे बघत उभा राहिलो. हवा निसटत नाही, तरी दाब येत नाही. मग दाबणाराच पुरता वर येत नसणार.

इंजिन उघडावं लागेल म्हटल्यावर गुरुजींचा चेहरा पडला. २२ हजार पाण्यात गेलेल्या माणसाला हे सांगताना मलाही जड गेलं. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही इथंच बसा, तुमच्यासमोर हेड उतरवतो. मी म्हणतोय तसं दिसलं नाही तर परत बसवून देईन, मजुरी घेणार नाही."

दुपारी अडीचला हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरलं. अशा इंजिनात एक आणि चार जोडीनं वर येतात, दोन आणि तीन जोडीनं. पान्यानं क्रँक, म्हणजे पिस्टन खालीवर करणारा दांडा, हळूहळू फिरवत दोन-तीनची जोडी वर आणली. दोन नंबरचा माथा ब्लॉकच्या कडेला येऊन थांबला. तीन नंबरचा तिथवर पोचलाच नाही. गुरुजींना जवळ बोलावलं आणि कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. दोनवरून बोट सरळ गेलं, तीनला पायरी लागली. डायल गेजवर फरक भरला दीड मिलिमीटर. भिंतीवरची काजळीही तेच सांगत होती. वरची रिंग जिथवर पोचते त्याच्या वर काजळी धरते. तिघांत तिचा पट्टा बारीक होता, तीन नंबरला मात्र खालपर्यंत उतरलेला.

"दीड मिलिमीटरनं एवढं होतं?" त्यांनी विचारलं. गणिताचे शिक्षक, म्हणून खडूनं फरशीवर हिशेबच मांडला. इंजिन १२४८ सीसीचं, एका सिलिंडरला ३१२. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १७.६, म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर हवेला जागा उरते सुमारे १९ सीसी, चहाचे चार चमचेसुद्धा नाहीत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९.६ मिलिमीटरचा. त्यात पिस्टन दीड मिलिमीटर खाली राहिला की पावणेसहा सीसी जागा वाढली. पुढचा भागाकार गुरुजींनी स्वतः केला आणि खडू खाली ठेवला. रेशो १४ च्याही खाली आला होता.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला होता आणि वाकल्यामुळे तेवढा आखूड झाला होता. हे काम पाण्याचं. हवा दबते, पाणी दबत नाही. चालू इंजिनानं त्या चार चमच्यांहून जास्त पाणी ओढलं की वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटतो, मागून फ्लायव्हीलचं जड चाक ढकलतच असतं, आणि मधल्यामध्ये रॉड वाकतो.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर मी तिथं गाड्या उघडायला गेलो होतो. पुरात बुडाल्या पण कोणी किल्ली फिरवली नाही, त्यातली कितीतरी इंजिनं वाचली. प्लग आणि इंजेक्टर काढायचे, क्रँक हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल दोन-तीनदा बदलायचं. तुंबलेल्या पाण्यात गाडी घालून ती बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारलेल्यांचे रॉड मी मोजत बसलो नाही, इतके होते. आजही पाऊस लागला की दिसेल त्याला सांगतो, पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ढकलत आणा.

गुरुजी म्हणाले, "मी तर पाण्यातून एकदाही नेली नाही." मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला. वरचा भाग स्वच्छ, आत गुंडाळलेल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. ते बराच वेळ ती बघत राहिले.

ऑइलचं चेंबर उतरवून पिस्टन काढला. सरळ चालणाऱ्या पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, दोन्ही बाजूंना मधोमध घासतो. हा तिरका घासला होता, एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. नवा रॉड शेजारी धरला तेव्हा जुन्याचा बाक पोरालाही लांबून दिसला. ३००० आरपीएमला एक पिस्टन सेकंदाला ५० वेळा खालीवर धावतो आणि डिझेल पेटलं की प्रत्येक वेळी त्याच्या माथ्यावर चार-पाच टनांचा दाब येतो. तो सगळा भार हा वाकडा रॉड झेलत होता. घाटात तुटला असता तर ब्लॉक फोडून बाहेर आला असता, आणि गाडीत मुलं असती. हे मी गुरुजींना सांगितलं नाही. गुहागरचं पुढं ढकला, एवढंच म्हणालो.

बोअर मापात निघाला. बाकीचे तीन रॉड लेथवाल्याकडं तपासून घेतले, ते सरळ होते. नवा पिस्टन, रिंगा, रॉड, बेअरिंगं. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला, रात्रभर बाहेर गार पडलेल्या गाडीला गुरुजींनी स्वतः किल्ली दिली. धूर नाही, थरथर नाही. चारही ठोके एका तालात.

जुना रॉड त्यांनी मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि शेजारच्या सीटवर ठेवला. तिथून ते थेट एजंटाकडे निघाले होते.